लेक्चर का अडकतं, आवाज कुठे जातो?

माझी मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गेल्या उन्हाळ्यात तिचं एक ऑनलाइन प्रशिक्षण चालू होतं. एके रात्री तिचा फोन आला. "अरे, व्हिडिओ चालतोय, सुरुवातीचं म्युझिक छान ऐकू येतंय, पण मॅडम बोलायला लागल्या की आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. एक शब्द कळत नाही." तोवर तिने मोबाइल तीनदा बंद-चालू केला होता. ॲप काढून परत टाकलं होतं, त्यात डाउनलोड करून ठेवलेले धडे गेले होते. नेट कमी पडत असेल म्हणून जादा डेटाचा रिचार्जही मारून झाला होता. दोष निघाला इअरफोनच्या पिनेत. मोबाइलला नवं जाड कव्हर घातलं होतं, त्यामुळे पिन पूर्ण आत बसत नव्हती.

तिचे सगळे उपाय एरवी उपयोगाचे आहेत, पण ते तिच्या दुखण्यावरचे नव्हते. व्हिडिओ अडकला की बहुतेकजण असंच करतात. जो उपाय आठवेल तो करून बघायचा आणि काहीच लागू पडलं नाही की "मला हे कॉम्प्युटरचं जमत नाही" म्हणून कोर्स सोडून द्यायचा. हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं, कारण दोष त्यांच्यात नसतो. तो कुठे आहे हे शोधायची रीत त्यांना कुणी दाखवलेली नसते, एवढंच. ती रीत अवघड नाही.

आधी बिघाडाचा पत्ता

लेक्चर तुमच्यापर्यंत चार टप्प्यांनी येतं. पहिला, रेकॉर्ड केलेली फाइल कुठल्यातरी सर्व्हरवर असते. दुसरा, ती नेटवरून तुमच्या घरापर्यंत येते. तिसरा, तुमचा मोबाइल किंवा लॅपटॉप ती उलगडून चित्र आणि आवाज वेगळे करतो. चौथा, आवाज स्पीकरमधून किंवा इअरफोनमधून कानापर्यंत पोचतो. बिघाड या चारांपैकी एका ठिकाणी असतो आणि तो शोधायला तीन प्रयोग पुरतात.

त्याच कोर्सचा दुसरा धडा लावून बघा. तो नीट चालला, तर पहिल्या धड्याच्या फाइलमध्येच खोट असण्याची शक्यता मोठी, म्हणजे तुम्ही काही करायची गरजच नाही. तोही अडकला, तर तोच धडा त्याच वाय-फायवर घरातल्या दुसऱ्या मोबाइलवर लावा. तिथे चालला तर दोष तुमच्या यंत्रात. तिथेही अडकला, तर वाय-फाय बंद करून कुणाच्या तरी हॉटस्पॉटवर बघा. आता चालला तर दोष नेटचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मात्र कटाक्षाने पाळा. मोबाइल, नेट आणि ब्राउझर तिन्ही एकदम बदलले तर व्हिडिओ कदाचित चालेल, पण कशामुळे चालला ते कळणार नाही आणि उद्या पुन्हा तीच वेळ येईल.

नेट आहे, तरी चक्र फिरतंय

व्हिडिओ अखंड धारेसारखा येतो असं आपल्याला वाटतं. खरं तर तो तुकड्यांनी येतो. एका तासाच्या लेक्चरचे काही सेकंदांचे शेकडो तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकडा चार-पाच दर्जांमध्ये तयार ठेवलेला असतो: २४०पी, ३६०पी, ४८०पी, ७२०पी असा. तुमचा प्लेयर आधी तुकड्यांची यादी मागवतो आणि मग एकेक तुकडा आणत जातो. मागचा तुकडा झटकन आला तर पुढचा वरच्या दर्जाचा मागवतो, रखडला तर खालच्या दर्जाचा. म्हणूनच चित्र मध्येच धूसर होतं आणि परत साफ होतं. तो बिघाड समजू नका. लेक्चर थांबू नये म्हणून प्लेयरने केलेली ती तडजोड असते. ॲपलने २००९मध्ये आणलेली एचएलएस ही पद्धत आणि २०१२मध्ये प्रसिद्ध झालेलं डॅश हे मानक, दोन्ही याच तत्त्वावर चालतात.

आणलेले तुकडे प्लेयर थोडे आगाऊ साठवून ठेवतो, त्या साठ्याला बफर म्हणतात. आपल्याकडे नळाला पाणी ठरावीक वेळी येतं म्हणून गच्चीवर टाकी असते, तसंच हे. नळ मध्ये बारीक झाला तरी टाकीत पाणी असेतोवर घरात कळत नाही. टाकी रिकामी झाली की फिरणारं चक्र दिसतं.

आता हिशेब करू. नेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि डेटा मेगाबाइटमध्ये मोजतात. आठ बिट म्हणजे एक बाइट. सेकंदाला १ मेगाबिट खाणारा व्हिडिओ तासभर बघितला तर ४५० मेगाबाइट जातात. ७२०पीचं लेक्चर सेकंदाला साधारण अडीच मेगाबिट धरलं तर तासाला सव्वाअकराशे मेगाबाइट झाले. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर तो एक तास वीस मिनिटांत संपला! त्यानंतर बऱ्याच पॅकमध्ये नेट बंद होत नाही, वेग सेकंदाला ६४ किलोबिटवर येतो. मोबाइलवर रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात, व्हॉट्सॲपचे मेसेजही जातात. पण एवढ्या वेगात बोलण्याचा आवाजच कसाबसा मावतो, चित्राला जागा उरत नाही. "रेंज फुल आहे, मेसेज जातोय, म्हणजे नेट चालू आहे आणि व्हिडिओच बिघडलाय" असं कुणी म्हटलं की मी आधी आजचा डेटा किती उरलाय ते बघायला सांगतो.

इथे एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. परीक्षा जवळ आली की मुलं लेक्चर दुप्पट वेगाने बघतात. दुप्पट वेग म्हणजे टाकीतून दुप्पट धारेने पाणी काढणं. एका मिनिटात दोन मिनिटांचे तुकडे लागतात, म्हणजे नेटही दुप्पट लागतं, आणि जुन्या मोबाइलला तेवढ्याच वेळात दुप्पट चित्रं उलगडावी लागतात. साध्या वेगाने सुरळीत चालणारं लेक्चर दुप्पट वेगाने अडकत असेल, तर दर्जा एक पायरी खाली आणा.

दर्जा कमी करायला संकोच वाटू देऊ नका. शिक्षक समोर बसून बोलत असतील तर २४०पीसुद्धा पुरतं. फळ्यावरची गणितं किंवा स्लाइडवरची बारीक अक्षरं वाचायची असतील तर ४८०पी घ्या. मोबाइलच्या पडद्यावर त्याच्या वर क्वचितच गरज लागते. मार्च २०२०मध्ये, टाळेबंदीच्या सुरुवातीला, नेटवर्कवरचा भार कमी व्हावा म्हणून भारतातल्या मोठ्या व्हिडिओ कंपन्यांनी मोबाइल नेटवरचा दर्जा काही आठवडे ४८०पीपर्यंतच ठेवला होता आणि देशाचं काम त्यात चाललं. नेट सारखं वर-खाली होत असेल तर "ऑटो" काढून ३६०पी पक्कं करून ठेवा. ऑटोमध्ये प्लेयर नेट जरा सुधारलं की वरच्या दर्जाकडे उडी मारतो आणि नेट पडलं की तोंडघशी पडतो.

वाय-फायचं दुखणं वेगळं असतं. राउटरपाशी लेक्चर चालतं आणि माजघरात अडकतं, ही तक्रार कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंतींच्या घरांत हमखास असते. राउटर बहुधा दोन पट्ट्यांवर चालतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमतो. २.४ गिगाहर्ट्झचा हळू, पण लांब पोचतो. म्हणून आतल्या खोलीत २.४चं नाव निवडा. मात्र ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात असतात, त्यामुळे स्वयंपाकघरात ओव्हन चालू असताना तिथे लेक्चर तुटलं तर नवल नाही.

स्पीड टेस्टवर फार विसंबू नका. ती बहुधा जवळच्या सर्व्हरशी काही सेकंदांपुरती धाव मोजते. तुमचं लेक्चर दूरच्या, गर्दीच्या सर्व्हरवरून येत असेल तर टेस्टमध्ये ४० मेगाबिट दिसूनही ते अडकू शकतं.

दोष नेटचा की लॅपटॉपचा, हे दोन आकड्यांत

एनपीटीईएलची, म्हणजे इंजिनिअरिंग आणि विज्ञानाच्या ऑनलाइन कोर्सची, लेक्चरं यूट्यूबवरही आहेत. आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएससीने मिळून हा उपक्रम २००३मध्ये सुरू केला. इतरही पुष्कळ कोर्स आतून यूट्यूबचाच प्लेयर वापरतात. तिथे एक फार कामाची सोय दडलेली आहे. लॅपटॉपवर चालू व्हिडिओवर माउसचं उजवं बटण दाबा आणि "स्टॅट्स फॉर नर्ड्स" निवडा. आकड्यांची काळी चौकट उघडेल. त्यातल्या दोनच ओळी बघायच्या. "बफर हेल्थ" म्हणजे टाकीत किती सेकंदांचा साठा आहे. "व्ह्यूपोर्ट / फ्रेम्स"च्या ओळीतला "ड्रॉप्ड" आकडा म्हणजे यंत्राला वेळेत उलगडता न आल्याने गळलेली चित्रं. साठा शून्याकडे जाऊन व्हिडिओ थांबत असेल तर दोष नेटचा. साठा वीस-तीस सेकंदांचा भरलेला असूनही चित्र झटके खात असेल आणि गळलेल्या चित्रांचा आकडा वाढत असेल, तर नेट निर्दोष आहे, लॅपटॉप थकलाय. मग रिचार्ज करून काही होणार नाही. बाकीचे टॅब बंद करा, दर्जा उतरवा.

आवाज येतो, चित्र काळं

हे लक्षण दिसलं की मी नेटचा विचारच सोडून देतो. आवाज पोचला म्हणजे फाइल पोचली. अडलंय ते उलगडण्यात.

व्हिडिओ जसाच्या तसा पाठवला तर अवाढव्य होईल म्हणून तो एका पद्धतीने घडी घालून पाठवतात. त्या पद्धतीला कोडेक म्हणतात. एच.२६४ हा २००३चा कोडेक आज जवळपास प्रत्येक यंत्राला उलगडता येतो. त्यानंतर २०१३मध्ये एचईव्हीसी आला आणि २०१८मध्ये एव्ही१. यांची घडी आणखी लहान होते, पण ती उलगडायला जास्त ताकद लागते, आणि जुन्या यंत्रांना ही घडी मोडायची कशी हेच माहीत नसतं.

यातून एक प्रकार वारंवार घडतो आणि तो विद्यार्थ्यांपेक्षा शिक्षकांनी वाचायला हवा. कुणी सर आयफोनवर लेक्चर रेकॉर्ड करतात आणि फाइल तशीच कॉलेजच्या मूडलवर, म्हणजे धडे ठेवायच्या साइटवर, चढवतात. २०१७पासून बहुतेक आयफोन मूळ सेटिंगमध्ये एचईव्हीसीत रेकॉर्ड करतात. सरांच्या फोनवर सगळं सुंदर दिसतं, वर्गातल्या निम्म्या मुलांना मात्र काळ्या पडद्यामागून आवाज येतो आणि जो तो आपल्या मोबाइलला दोष देतो. उपाय सरांच्या हातात आहे: आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये "फॉरमॅट्स"मध्ये जाऊन "मोस्ट कंपॅटिबल" निवडायचं.

मूडलवर तशीच चढवलेली फाइल आणखी दोन प्रकारे त्रास देते. एक म्हणजे तिचे वेगवेगळे दर्जे तयार होत नाहीत. सरांनी १ जीबीची फाइल टाकली तर डोंगरातल्या वाडीवर बसलेल्या मुलीनेही तीच ओढायची. दुसरं म्हणजे एमपी४ फाइलला पुस्तकासारखी अनुक्रमणिका असते. कुठलं चित्र फाइलमध्ये कुठे आहे, हे त्यात लिहिलेलं असतं. रेकॉर्डिंग संपल्यावरच ती लिहिता येते, म्हणून पुष्कळदा ती फाइलच्या शेवटी राहते. मग नेट बरं असूनही व्हिडिओ बराच वेळ सुरूच होत नाही, कधी कधी अख्खी फाइल उतरेपर्यंत. हँडब्रेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात फाइल घालून एच.२६४ निवडलं, "वेब ऑप्टिमाइझ्ड"वर टिचकी मारली आणि दर्जा ४८०पी ठेवला, की अनुक्रमणिका पुढे येते, आकार पुष्कळ घटतो आणि फाइल सगळीकडे चालते. दहा मिनिटांचं हे काम एका शिक्षकाने केलं की साठ मुलांचा त्रास वाचतो. माझी सगळ्या शिक्षकांना विनंती आहे, एवढं कराच.

लॅपटॉपवर चित्र हिरवं पडत असेल किंवा फाटल्यासारखं दिसत असेल तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये "हार्डवेअर ॲक्सिलरेशन" बंद करून बघा. त्याने उलगडायचं काम ग्राफिक्सच्या चिपकडून काढून मुख्य प्रोसेसरकडे जातं. काही कोर्स चोरी टाळायला व्हिडिओला कुलूप लावतात. असा व्हिडिओ स्क्रीन शेअर करताना मुद्दाम काळा दिसतो, त्याला उपाय शोधू नका.

व्हिडिओची चौकटच रिकामी असेल तर तोच धडा ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत उघडा. तिथे चालला तर जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन किंवा जुनी कॅशे (ब्राउझरने साठवून ठेवलेल्या फाइली) आड येतेय. जुन्या लॅपटॉपवर तारीखही बघा. आतली नाण्याएवढी बॅटरी संपली की घड्याळ काही वर्षं मागे जातं, मग सुरक्षित साइट्सची प्रमाणपत्रं चुकीची वाटतात आणि ब्राउझर व्हिडिओ आणूच देत नाही. मोबाइल ॲपमध्ये अडचण असेल तर प्ले स्टोअरवर "अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू" अपडेट करा. ॲपच्या आत दिसणारी वेबपानं तोच दाखवतो, आणि मार्च २०२१मध्ये त्याच्या एका सदोष अपडेटमुळे असंख्य ॲप्स उघडताच बंद पडत होती. आणि हे करताना "क्लिअर कॅशे" दाबा, "क्लिअर डेटा" नको. "क्लिअर डेटा"मुळे डाउनलोड केलेले धडेही पुसले जातात.

आवाजाची गोष्ट

आवाज अजिबातच येत नसेल तर तो कुठे तरी म्यूट असतो, आणि म्यूट करायच्या जागा पुष्कळ आहेत. प्लेयरवरचा स्पीकर, ब्राउझरचा टॅब (त्यावर उजवं बटण दाबून बघा), विंडोजचा व्हॉल्यूम मिक्सर. लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला जोडला असेल तर आवाज टीव्हीकडे जातो आणि टीव्हीचा आवाज बंद असतो. मोबाइलचा आवाज पलीकडच्या खोलीत चार्जिंगला लावलेल्या ब्लूटूथ स्पीकरकडे गेलेलाही मी पाहिलाय. काही पानांवर व्हिडिओ आपोआप सुरू होतो, पण मुका. २०१८पासून क्रोम तुम्ही पानावर काही दाबल्याशिवाय आपोआप आवाज सुरू होऊ देत नाही. एकदा टिचकी मारा.

थेट वर्गात ब्लूटूथ हेडफोनचा आवाज एकदम जुन्या टेलिफोनसारखा झाला, तर हेडफोनचा माइक चालू झालाय. ऐकणं आणि बोलणं एकाच वेळी करायचं तर ब्लूटूथ संभाषणाच्या हलक्या दर्जावर उतरतं. माइक म्हणून लॅपटॉपचाच माइक निवडा, ऐकण्याचा दर्जा परत येईल.

आता मावशीची पिन. इअरफोनला डाव्या आणि उजव्या कानाची एकेक तार असते आणि दोघींना मिळून एक परतीची. पिन अर्धवट बसली की परतीची तार सुटते. मग दोन्ही कानांना डाव्या आणि उजव्या आवाजातला फक्त फरक ऐकू येतो. शिक्षकांचा आवाज दोन्हींकडे सारखाच असतो, सारख्यातून सारखं वजा झालं की शून्य उरतं. संगीतातली वाद्यं दोन्ही बाजूंना वेगवेगळी वाटलेली असतात, म्हणून ती उरतात. मॅडम विहिरीत गेल्या आणि म्युझिक मात्र वर राहिलं, त्याचं कारण हे.

याच्या उलट, इअरफोनवर नीट ऐकू येणारा आवाज मोबाइलच्या स्पीकरवर गायब होत असेल, तर रेकॉर्डिंगची एक बाजू उलटी जोडली गेलेली असू शकते. स्पीकर दोन्ही बाजू मिसळतो आणि त्या एकमेकींना खोडतात. इअरफोन लावून ऐका आणि कोर्सवाल्यांना कळवा. आवाज एकाच कानात येत असेल तर मोबाइलच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये "मोनो ऑडिओ" चालू करा, तोच आवाज दोन्ही कानांत येईल. ज्यांना एका कानाने कमी ऐकू येतं त्यांनी ही सेटिंग कायमच चालू ठेवावी.

काहीच जमलं नाही तर

अभ्यास थांबवू नका. रात्री उशिरा किंवा पहाटे, नेटवर गर्दी नसताना, धडे डाउनलोड करून ठेवा. एनपीटीईएलच्या काही अभ्यासक्रमांची लिखित रूपं मराठीसह भारतीय भाषांत मिळतात. जिथे नेट पोचतच नाही तिथे २०१७पासून चालू असलेल्या केंद्र सरकारच्या स्वयंप्रभा या शैक्षणिक टीव्ही वाहिन्या आहेत. त्या डिशवर मोफत दिसतात आणि रोजचा किमान चार तासांचा नवा मजकूर दिवसभरात आणखी पाच वेळा दाखवायचा, अशी त्यांची मूळ रचना आहे. एक वेळ हुकली तरी दुसरी मिळते.

आणि तक्रार कराच, पण "व्हिडिओ चालत नाही" एवढंच लिहू नका. त्यावर "कॅशे क्लिअर करा" एवढंच उत्तर येतं. मावशीच्या प्रशिक्षणात पुढे एका धड्याचा आवाज खरोखरच गायब होता. तेव्हा तिने असं लिहिलं: "धडा ९, दुसरा व्हिडिओ. ४ मिनिटं १० सेकंदांनंतर आवाज बंद होतो, चित्र चालू राहतं. अँड्रॉइड मोबाइलवर ॲपमध्ये आणि विंडोज लॅपटॉपवर क्रोममध्ये, घरच्या वाय-फायवर आणि मोबाइल डेटावर, चारही वेळा त्याच सेकंदाला. धडा ८ आणि १० व्यवस्थित चालतात. स्क्रीनशॉट जोडला आहे. या धड्यावरच्या चाचणीची मुदत रविवारी संपते, ती वाढवून मिळावी." तिसऱ्या दिवशी नवी फाइल चढवलेली होती आणि मुदत आठवडाभराने वाढली होती.